‘एका इंग्रजी संज्ञेला एकच जर्मन प्रतिशब्द’ हे म्हणणे का टिकत नाही

कायदेविषयक भाषांतराबद्दल एक विधान भाषांतरकारांमध्ये आणि त्यांच्याकडून काम करवून घेणाऱ्यांमध्ये सतत फिरत असते. त्याचा आशय असा: कायद्याची भाषा काटेकोर असते, म्हणून प्रत्येक इंग्रजी संज्ञेला ठरलेला एक जर्मन प्रतिशब्द असतो, तो शब्दसूचीत घातला की दस्तऐवजभर तोच वापरावा, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्याने सारखे दिसणारे शब्द निर्धोक असतात, आणि एवढे करूनही चूक राहिलीच, तरी करारात इंग्रजी मजकूर ग्राह्य मानलेला असल्याने फारसे बिघडत नाही. पुण्यात जर्मन शिकून उद्योगांच्या करारांचे भाषांतर करणारे अनेक जण आहेत आणि त्यांतल्या नवख्यांपर्यंत हे विधान नियम म्हणून पोहोचते, त्यामुळे त्याचा प्रत्येक भाग तपासायला हवा.

कायद्याची भाषा काटेकोर असते हे मान्य आहे. मात्र तो काटेकोरपणा त्या त्या देशाच्या कायद्याच्या चौकटीत असतो, सुट्या शब्दात नसतो. ‘गॅरंटी’ ही संज्ञा घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ नुसार मूळ ऋणको चुकला तर त्याचे दायित्व पार पाडण्याचा करार म्हणजे गॅरंटी, आणि ती देणारा तो जामीनदार. जर्मन नागरी संहितेत याच्या जवळचा करार कलम ७६५ मध्ये आहे आणि त्याचे नाव ‘ब्युर्गशाफ्ट’ असे आहे. त्यातील जामीनदाराचे दायित्व मूळ कर्जाला बांधलेले असते: कर्ज फिटले की तेही संपते, आणि ऋणकोला जे बचाव उपलब्ध असतात ते जामीनदारालाही घेता येतात. शिवाय व्यापारी नसलेल्या व्यक्तीने दिलेला असा जामीन लेखी नसेल तर तो मुळात वैधच ठरत नाही. जर्मनमधील ‘गारांटी’ मात्र स्वतंत्र वचन असते. मूळ व्यवहारात काहीही वाद असला तरी ते देणाऱ्याला पैसे मोजावे लागू शकतात, आणि त्याला लेखी स्वरूपाची अटही नाही. आता उपकंपनीसाठी मूळ कंपनीने दिलेल्या गॅरंटीचे भाषांतर केवळ उच्चारसाम्यामुळे ‘गारांटी’ असे केले, तर जर्मन वाचकाला कागदावर दिसणारे दायित्व मूळ दायित्वापेक्षा कितीतरी जड होते. याउलट, पहिल्या मागणीबरोबर विनाशर्त पैसे देण्याचे बँकेचे वचन ‘ब्युर्गशाफ्ट’ म्हणून लिहिले, तर लाभार्थ्याचे संरक्षण पातळ झाल्याचे चित्र उभे राहते. कोणता शब्द योग्य हे शीर्षकावरून ठरत नाही. कलम पूर्ण वाचून, वचन मूळ दायित्वाला बांधलेले आहे की नाही ते पाहावे लागते, आणि त्यासाठी कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे हे सांगणारे कलम आधी शोधावे लागते. बहुतेक करारांत ते शेवटच्या पानांवर असते. वाचायला सुरुवात तिथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच संज्ञेसाठी दस्तऐवजभर एकच शब्द वापरण्याचा आग्रह चांगल्या हेतूने धरला जातो, कारण करारात उगाच शब्द बदलला की अर्थ बदलल्याचा संशय येतो. पण हा नियम संकल्पनेला लागू आहे, अक्षरांना नाही. बांधकामाच्या एकाच इंग्रजी करारात ‘एक्झिक्युशन’ तीनदा येऊन तीन गोष्टी सांगू शकते. करारावर सह्या होणे, काम पार पाडणे आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी. आपल्या वकिलांना हे नव्याने सांगायला नको. दस्त निष्पादित होतो आणि हुकूमनाम्यासाठी दरखास्त दाखल होते, हे दोन्ही ते रोज वेगवेगळ्या शब्दांत बोलतात. जर्मनमध्येही पहिल्यासाठी ‘उंटरत्साइशनुंग’, दुसऱ्यासाठी ‘आउसफ्युरुंग’ आणि तिसऱ्यासाठी ‘फोलस्ट्रेकुंग’ लागते. तिसरा शब्द पहिल्याच्या जागी पडला, तर सह्यांच्या कलमात एकाएकी सक्तीची वसुली अवतरते.

याहून नाजूक उदाहरण ‘इक्विटी’चे आहे. ताळेबंदात ते ‘आयगेनकापिटाल’, म्हणजे मालकांचे भांडवल. पण ‘अ‍ॅट लॉ ऑर इन इक्विटी’ या ठरावीक शब्दप्रयोगात ती इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयातून वाढलेली न्यायपरंपरा असते, आणि तिचा जोडीदार जर्मन कायद्यात नाही. शब्दकोश तिथे ‘बिलिगकाइट’ सुचवतात. जर्मन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५१ नुसार लवादाने ‘बिलिगकाइट’प्रमाणे, म्हणजे कायद्याच्या नियमांऐवजी न्यायबुद्धीने, निर्णय द्यायचा असेल तर पक्षकारांनी तशी स्पष्ट मुभा दिलेली असावी लागते. लवादाच्या करारात हा शब्द विचार न करता आला, तर ती मुभा दिली होती की नाही या वादाला तोंड फुटते. कोणत्याही कायदेशीर आधारावर मिळू शकणारे सर्व हक्क, असा अर्थ साध्या जर्मनमध्ये लिहिणे इथे अधिक सुरक्षित आहे. ‘कन्सिडरेशन’बाबत तर अनेक अनुभवी भाषांतरकार मूळ इंग्रजी शब्द तसाच ठेवून त्यापुढे स्पष्टीकरण देतात, कारण जर्मन कायद्यात करार वैध होण्यासाठी मोबदल्याची अटच नाही.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांवरचा भरवसा मला या सर्वांत घातक वाटतो. इंग्रजी करारातील ‘शॅल’ बंधन सांगते. जर्मन कायद्याच्या भाषेतील ‘झोल’ नेहमीच्या परिस्थितीतला नियम सांगते आणि अपवादाला वाव ठेवते. नोटरीचेही तसेच आहे. आपल्याकडे नोटरी अधिनियम, १९५२ खालील नोटरी मुख्यतः सही व प्रत साक्षांकित करतो. जर्मनीचा ‘नोटार’ पक्षकारांना व्यवहाराचे परिणाम समजावून दस्त स्वतः नोंदवतो, आणि तिथे जमीनविक्रीचा करार त्याच्याशिवाय होतच नाही. त्यामुळे पुण्यात साक्षांकित केलेल्या मुखत्यारपत्रापुढे ‘नोटारिएल बेउरकुंडेट’, म्हणजे नोटारने स्वतः नोंदवलेले, असे लिहिणे म्हणजे दस्ताला नसलेला दर्जा देणे होय.

शिवाय जर्मन ही कायद्याच्या दृष्टीने एकच भाषा नाही. जर्मनीत भाडेकरू घराचा ‘बेझित्सर’, म्हणजे ताबेदार असतो. ऑस्ट्रियाची १८११ ची नागरी संहिता मात्र वस्तू स्वतःची म्हणून बाळगण्याची इच्छा असलेल्यालाच तिचा ‘बेझित्सर’ म्हणते, आणि भाडेकरू तिथे घराचा केवळ ‘इनहाबर’, म्हणजे धारक ठरतो. भाषांतर व्हिएन्नाला जाणार की म्युनिकला, हे विचारल्याशिवाय ‘पझेशन’चा प्रतिशब्द निवडता येत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, इंग्रजी मजकूर ग्राह्य असल्याचा. तसे कलम अनेकदा असते, पण त्याने जर्मन मजकूर निरुपयोगी होत नाही. जर्मनीतील न्यायालयांची भाषा कायद्याने जर्मन आहे, आणि परभाषेतील कागदांचे भाषांतर मागवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने काही व्यापारी वादांत इंग्रजीत कामकाज चालवण्याची सोय झाली आहे, परंतु ती ठरावीक न्यायालयांपुरती आणि पक्षकारांच्या संमतीवर अवलंबून आहे. आणि वाद न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी, सही करायची की नाही हे कंपनीतील जर्मन अधिकारी आपल्या भाषेतील मजकूर वाचूनच ठरवतो. त्या क्षणी त्याच्यासमोर असलेला शब्द भाषांतरकाराचा असतो.