एका टिंबाची फी

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की इंदुरात पुढचे दोन दिवस कुणाचाच चेहरा खरा दिसत नाही. आमचे मुनीमजी कानाच्या पाळीपर्यंत गुलाबी होते. त्याच अवस्थेत त्यांनी माझ्या टेबलावर फाइल ठेवली आणि म्हणाले, "भिया, अपनी ट्रेनिंगवाली योजना गई. इकतीस मार्च आखरी."

मी म्हटलं, "रंग उतरल्यावर परत सांगा."

रंग उतरला. बातमी पक्की निघाली.

सांवेर रोडला माझा अकरा माणसांचा कारखाना आहे. औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या मशिनांचे सुटे भाग आम्ही करतो. माणसांना शिकायला पाठवलं की निम्मी फी सरकार द्यायचं. योजनेचं नाव इतकं लांब होतं की पाकिटावर ते लिहिल्यावर पत्त्याला जागा उरत नसे. पहिल्या वर्षी अर्जात मी ४५,००० रुपये मागितले. म्हणजे माझी तशी समजूत होती. रकान्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात 'रक्कम लाखांत' असं छापलेलं मला दिसलंच नाही. मी लिहिलं ४५,०००. हिशेब केला तर सरकारकडे मी साडेचारशे कोटी मागत होतो, तीन पोरांना लेथ शिकवायला. महिन्याभराने पत्र आलं: 'मागणीचे समर्थन सादर करावे.' हसले नाहीत बिचारे, एवढं खरं.

हा किस्सा लपवून ठेवण्यासारखाच आहे, पण पुढच्या प्रकरणात मी गप्प का बसलो ते त्याशिवाय कळायचं नाही.

जानेवारीत आम्ही सीएनसी मशीन घेतलं, म्हणजे आकडे टाकले की धातू आपोआप कातणारा लेथ. आमचे उस्ताद अठ्ठावीस वर्षं हाताच्या लेथवर. टूल जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, लागलं की नुसत्या आवाजावरून सांगतात, दोन सूत जास्त जातंय. मशीनवाल्या कंपनीचा माणूस तीन दिवस येऊन, बटणं दाखवून, चहा पिऊन गेला. चौथ्या दिवशी उस्तादांनी एक्स ५० दाबलं आणि स्टार्ट दिला. आमच्या मशीनच्या कंट्रोलवर पन्नासपुढे टिंब दिलं तरच ते पन्नास मिलिमीटर. टिंब नसेल तर पन्नास मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीची गोष्ट. पन्नास मिलिमीटरवर थांबायचं टूल पुऱ्या वेगाने जॉबच्या पोटात शिरलं. आवाज शेजारच्या शेडपर्यंत गेला. तिथला मालक हातात पोह्याची बशी घेऊनच धावत आला.

टिप गेली, टूल होल्डर गेला, उस्तादांचा चेहरा गेला. ते पडद्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "साब, बिंदी रह गई." साडेचारशे कोटी मागणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं?

तर शिकवणं भाग होतं, आणि योजना गेलेली. मशीनचं काम शिकवणारी संस्था, टूल रूम, आमच्याच रस्त्यावर आहे, इंडो-जर्मन, शिकवतात उत्तम. पण तिघांची फी, शिवाय ते शिकत असतील तेवढ्या दिवसांचा पगार, शिवाय तेवढे दिवस उभं राहिलेलं मशीन. मुनीमजींनी बेरीज केली आणि कागद माझ्याकडे उलटा ठेवून सरकवला.

आधी बँकेत गेलो. मशीनचं कर्ज ह्याच बँकेने पंधरा दिवसांत दिलं होतं. मशीनवर त्यांच्या तारणाची पाटीसुद्धा ठोकली आहे, आमच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मॅनेजर म्हणाले, "आणखी एक मशीन घ्या, आजच करू." मी म्हटलं, "आहे तेच चालवता यावं म्हणून पैसे हवेत." ते म्हणाले, "पाटी कुठे लावू?" मला भर दुपारी शर्टाच्या पाठीवर बँकेचं नाव छापलेले उस्ताद दिसले. शेवटचा उपाय म्हणून मी होळकर काढले. इंदूरचा मराठी माणूस अडला की होळकर काढतोच. म्हटलं, "साहेब, १८७० मध्ये तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. ह्या गावाचा हात असा आहे." मॅनेजरांनी शांतपणे विचारलं, "तारण काय घेतलं होतं?" मी उठलो.

मग कुणीतरी अप्रेंटिसचं सांगितलं. २०१६ पासूनची योजना, विद्यावेतनाचा चौथा हिस्सा सरकार देतं, महिना १,५०० रुपयांपर्यंत. चांगलीच आहे. फक्त शिकाऊ उमेदवार नवा लागतो आणि माझे उस्ताद बावन्न वर्षांचे. दुसऱ्या एका साहेबांनी आणखी सोपं सुचवलं: माणसाला आधीच जे येतं त्याची परीक्षा घेऊन सरकारी दाखला देतात, पूर्वज्ञानाला मान्यता. उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "मुझे आता है, ये तो मुझे मालूम है. जो नहीं आता, उसका कुछ है?" त्याचं काही नव्हतं.

उरला सीएसआर, कंपन्यांचा समाजकार्याचा पैसा. आमचं एक गिऱ्हाईक मोठी कंपनी आहे. वर्षाला पाच कोटींवर नफा असला की कायद्याने दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात आणि त्यात कौशल्य-प्रशिक्षण बसतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथल्या बाईंनी कॉफी दिली आणि समजावून सांगितलं की हा पैसा त्या स्वतःच्या कामगारांवरही असा खर्च करू शकत नाहीत, आणि बाहेर द्यायचा तर संस्था नोंदलेली हवी, सीएसआर-१ फॉर्म भरलेली. "तुमची संस्था धर्मादाय आहे का?" मी म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडे आमचं बिल १४० दिवस पडून आहे. कायदा ४५ दिवस सांगतो. धर्मादाय आणखी कशाला म्हणतात?" बाई हसल्या. बिल मात्र १६२व्या दिवशी निघालं.

घरी, रामबागेत, सौ.ने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तो तुमचा शिकवलेला मुलगा कुठे आहे?"

दुखरी जागा होती ती. योजनेच्या पैशांवर आमचा एक मराठी पोरगा सीएनसी शिकून आला होता, पहिल्या नंबराने. परत आला आणि तिसऱ्या महिन्यात चार हजार जास्त मिळतात म्हणून पीथमपूरला, तिथल्या कारखान्यात, गेला. मी तेव्हा इतका चिडलो होतो की त्याचं अनुभवपत्र टाइप करून, सही करून, खणात ठेवून दिलं. द्यायचं नाही म्हणून टाइप का केलं, ते विचारू नका.

दोन दिवस फोनकडे बघितलं. मग लावला.

"काका, येतो की. रविवारी सुट्टीच असते."

"पैसे किती घेशील?"

"पैसे नकोत." थोडा थांबला. "ते अनुभवपत्र... इथे दोनदा मागितलं. मी दोन्ही वेळा सांगितलं, काका आजारी आहेत."

सात महिने मी पीथमपूरला आजारी होतो म्हणजे.

सहा रविवार तो आला. पहिल्या दिवशी उस्ताद हाताची घडी घालून, मान वळवून उभे. ज्या पोराला त्यांनी कॅलिपर धरायला शिकवला तो त्यांना काय शिकवणार! पोरगं हुशार. मशीनकडे गेलंच नाही. म्हणालं, "उस्ताद, आधी तुम्ही सांगा, ह्या जॉबला किती फीड द्याल?" टूल किती वेगाने पुढे सरकवायचं ते उस्तादांनी सांगितलं. त्याने तोच आकडा टाकला, मशीनने तसाच कट घेतला आणि उस्तादांची घडी सुटली. दुसऱ्या रविवारी ते बायकोच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आले आणि पॅनलवर टिंबाच्या बटणाशेजारी एक लाल टिकली चिकटवली. तेव्हापासून आमचं मशीन सवाष्ण आहे, आणि टिंब एकदाही राहिलेलं नाही.

चौघं तयार झाले. खर्च एवढाच की दर रविवारी सगळ्यांना पोहे-जिलबी, आणि शेव जास्त.

परवा मुनीमजी वही घेऊन आले. सहा रविवारचे पोहे कुठे टाकू, प्रशिक्षणात की कामगार कल्याणात? मी म्हटलं, प्रशिक्षणात, ठळक अक्षरात. त्यांनी लिहिलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "ठेलेवाले का पक्का बिल है?"