बेंबीतून येणारी लघवी मिठाने थांबत नाही

भाचीचं बाळ महिन्याचंही नाही. नाळ पडून गेली तरी बेंबी ओली, म्हणून तिने चारजणींना विचारलं, आणि तिला तो सगळीकडे फिरणारा मेसेज आला: "बेंबीत मीठ भरा, वरून पट्टी घट्ट बांधा. सोनोग्राफी आणि ऑपरेशन हा पैसे काढायचा धंदा आहे. सगळं आपोआप बरं होतं." ती मीठ भरायच्या बेतात होती.

मिठाचं अर्धं खरं आहे, ते मान्य. नाळ पडल्यावर बेंबीत कधी कधी लालसर, ओला दाणा राहतो, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्यावर चिमूटभर मीठ थोडा वेळ ठेवून पुसून घ्यायला काही डॉक्टरही सांगतात. पण बेंबीत राहिलेला आतड्याच्या अस्तराचा पॉलिप, म्हणजे छोटा कोंबही तसाच लाल दिसतो आणि तो मिठाने जात नाही. दाणा कसला आहे ते आधी तपासायला नको?

"घट्ट बांधा" वाचून मात्र डोकं फिरलं. गर्भात मूत्राशयापासून बेंबीपर्यंत युरेकस नावाची नळी असते. एरवी ती जन्माआधी बुजते. क्वचित उघडी राहते आणि बेंबीतून चक्क लघवी झिरपते. बाळ रडलं, कुंथलं की जास्त. आता काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदा असतो. खालची वाट अडली की लघवी या वरच्या वाटेने निघते. तीही आवळून टाकली तर दाब कुणावर येणार? मूत्रपिंडांवर. सर्जनसुद्धा ही नळी बंद करण्याआधी खालचा मार्ग मोकळा आहे ना, हे बघतात. त्यासाठी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढतात. आणि इथे कुणीतरी मोबाइलवरून पट्टी बांधायला सांगतंय!

सोनोग्राफीत सुई नाही, किरणं नाहीत. झिरपणाऱ्या पाण्यात क्रिएटिनिन (लघवीत भरपूर असणारा टाकाऊ घटक) किती, हे पाहिलं तरी ती लघवी आहे का ते कळतं.

"आपोआप" म्हणाल, तर युरेकसचे त्रास न देणारे छोटे अवशेष पहिल्या सहा महिन्यांत बरेचदा जिरतात. तोवर डॉक्टर पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. बेंबीतून शी किंवा वायू येत असेल तर ती वाट आतड्याची आहे. तिथे आतडं पिळवटू शकतं, वाट बघत बसू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या शिफारशीत नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, असं साधं सांगितलंय. बेंबीभोवती लाली पसरली, ताप आला किंवा बाळाने दूध सोडलं, तर रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.