कॅल्विन हुकूमशहा होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. नुसत्या ‘छान लेख’पेक्षा हे कधीही बरं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅल्विन जिनिव्हाचा हुकूमशहा होता, रक्ताभिसरणाचा शोध लावल्याबद्दल त्याने सर्व्हेटस या वैद्याला जिवंत जाळलं, त्याचा पूर्वनियोजनाचा सिद्धांत (कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलंय, असा) म्हणजे आपलंच प्रारब्ध, माणसाला हातावर हात ठेवून बसायला लावणारं, आणि मी हे सगळं झाकून एका धर्मवेड्याची आरती ओवाळली.

आरतीचं आधी. लेख कॅल्विनच्या फ्रान्समधल्या नॉयों गावच्या जन्मापासून (१५०९) स्ट्रासबर्गहून जिनिव्हाला परतण्यापर्यंतचा (१५४१) होता. सर्व्हेटसचा खटला १५५३चा. म्हणून तो लेखात नाही, झाकायचा म्हणून नाही. पण विषय निघालाच आहे, तर होऊन जाऊ दे.

हुकूमशहा हे विशेषण मला पटत नाही. जिनिव्हावर राज्य होतं ते पंचवीस जणांच्या छोट्या कौन्सिलचं आणि तिच्याखालोखाल दोनशे जणांच्या सभेचं. कॅल्विन त्यांचा पगारी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, तोही परदेशी, फ्रेंच निर्वासित. याच कौन्सिलने १५३८ साली त्याला गावाबाहेर काढलं होतं. नागरिकत्व मिळालं १५५९च्या नाताळात, मरणाच्या साडेचार वर्षं आधी. तोवर त्याला साधा मताचाही अधिकार नव्हता. दर गुरुवारी बसणारी ती प्रसिद्ध कन्सिस्टरी, म्हणजे पाळक आणि वडीलमंडळींची सभा, लोकांना बोलावून खडसावायची, प्रभुभोजनातून (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या चर्चमधल्या विधीतून) वगळायची. तुरुंगात टाकणं तिच्या हातात नव्हतं. वगळण्याच्या अधिकारावरूनसुद्धा कौन्सिलशी १५५५पर्यंत भांडण चालू होतं.

हे वाचून तो बिचारा निरुपद्रवी पाळक होता असं वाटलं असेल, तर थांबा. पिएर अमो नावाचा माणूस पत्ते बनवायचा. नव्या शिस्तीत पत्त्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार! १५४६च्या जानेवारीत घरच्या जेवणात तो बोलून गेला की कॅल्विन दुष्ट आहे आणि खोटी शिकवण देतो. बात फुटली. कौन्सिल सौम्य शिक्षेवर भागवायला तयार होतं, कॅल्विन अडून बसला. शेवटी अमोला नुसत्या सदऱ्यावर, उघड्या डोक्याने, हातात मशाल घेऊन गावभर फिरावं लागलं आणि गुडघे टेकून माफी मागावी लागली. त्याच वर्षी एका न्हाव्याने मुलाच्या बाप्तिस्म्याला क्लॉद हे नाव सांगितलं. जवळच संत क्लॉदचं तीर्थस्थान होतं आणि पाळकांना संतपूजेचा वाससुद्धा नको होता. पाळकाने परस्पर ‘अब्राहाम’ म्हणून टाकलं! बापाने मूल परत हिसकावून घेतलं, चर्चमध्ये गोंधळ उडाला, आणि तुरुंगात गेला तो बाप.

म्हणजे दंडुका कौन्सिलच्या हातात होता आणि तो कुठे, किती जोरात हाणायचा हे सांगणारी जीभ कॅल्विनची. दोष यानेही लागतोच, पण निराळा.

आता प्रारब्ध. ही तुलना बरेच जण करतात आणि मला ती मुळातच उलटी वाटते. प्रारब्धात हिशेब असतो. या जन्मी नसेल, मागच्या जन्मी तुम्ही काहीतरी केलेलं असतं. कॅल्विनच्या सिद्धांतात हिशेबच नाही. देव कोणाला तारणासाठी, म्हणजे उद्धारासाठी, निवडतो आणि कोणाला नाही, यात त्या माणसाच्या बऱ्यावाईट कृत्यांचा संबंध शून्य. हे भयंकर आहे असं तुम्ही म्हणता. त्यानेही तेच म्हटलंय, त्या निर्णयासाठी त्याने लॅटिनमध्ये हाच शब्द वापरला आहे. शिवाय कल्पना त्याच्या एकट्याची नाही. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनपासून ती चालत आली आहे, आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनेही १५२५ साली मानवी इच्छा बद्ध आहे असं ठासून मांडलं होतं.

‘इन्स्टिट्यूट्स’ या कॅल्विनच्या मुख्य धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या १५५९च्या शेवटच्या आवृत्तीत ऐंशी प्रकरणं आहेत. त्यातली चार यावर, तीही तिसऱ्या खंडात, प्रार्थनेवरच्या लांबलचक प्रकरणाच्या पाठोपाठ. म्हणजे आधी माणसाला प्रार्थना करायला बसवलंय आणि मग निवडीचं सांगितलंय. ज्याचं घरदार फ्रान्समध्ये सुटलं, ज्याचा भाऊबंद धर्मापायी जिवंत जाळला गेला, अशा निर्वासिताला ‘तुझं तारण तुझ्या कर्तबगारीवर टांगलेलं नाही’ हे ऐकून हायसं वाटत असणार. मला स्वतःला हा सिद्धांत झेपत नाही, कारण न निवडलेल्यांचं काय, याचं उत्तर कॅल्विनकडे ‘देवाची इच्छा’ एवढंच आहे. पण त्याने माणसं आळशी होतात हे इतिहासात दिसत नाही. हाच सिद्धांत मानणाऱ्या स्कॉटिश चर्चचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३२ साली त्यांनी शाळा काढली. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. हातावर हात ठेवून बसणारे सातासमुद्रापलीकडे शाळा काढायला येत नाहीत.

राहिला सर्व्हेटस. हा स्पॅनिश वैद्य फ्रान्समधल्या व्हिएन गावी नाव बदलून राहत होता. हृदयाकडून फुफ्फुसात आणि तिथून परत, हा रक्ताचा मार्ग त्याने वर्णन केला हे खरं, पण ते १५५३ साली छापलेल्या त्याच्या धर्मशास्त्रीय ग्रंथात मध्येच येतं. त्यासाठी त्याला कोणी जाळलं नाही. शिक्षा झाली ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) आणि बालकांचा बाप्तिस्मा नाकारल्याबद्दल. व्हिएनमध्ये कॅथलिकांनी त्याला आधी पकडलं, तो निसटला, तेव्हा त्यांनी त्याचा पुतळा जाळला. पण तिथल्या धर्मन्यायालयाकडे पुरावा म्हणून जी पत्रं गेली, ती सर्व्हेटसने कॅल्विनलाच लिहिलेली होती आणि कॅल्विनच्याच घरातून बाहेर पडली होती. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत ओंगळ भाग, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमका तोच नाही.

ऑगस्टमध्ये सर्व्हेटस जिनिव्हात सापडला. कायद्याने फिर्यादीला आरोपीबरोबर कोठडीत जावं लागे, म्हणून फिर्यादी झाला कॅल्विनचा चिटणीस. त्या दिवसांत कौन्सिलवर कॅल्विनच्या विरोधकांचा जोर होता. सप्टेंबरमध्ये कॅल्विनला पुन्हा गाव सोडायला लागेल असंच वाटत होतं. सर्व्हेटस कोठडीतून कौन्सिलला लिहीत होता की उवा मला जिवंत खातायत, विजार फाटलीय, बदलायला सदरा नाही. झुरिक, बर्न, बाझल, शाफहाउझेन या शहरांचं मत मागवलं, चौघांनीही त्याला दोषी धरलं. २७ ऑक्टोबरला शांपेलच्या टेकडीवर त्याला जाळण्यात आलं. जाळू नका, शिरच्छेद करा, ही कॅल्विनची विनंती कौन्सिलने फेटाळली. त्याचे चाहते ही विनंती फार कौतुकाने सांगतात. पण सर्व्हेटस इथे आला तर माझं चालेल तोवर त्याला जिवंत जाऊ देणार नाही, हे त्याने सात वर्षं आधीच एका पत्रात त्याचा सहकारी पाळक फारेल याला लिहून ठेवलं होतं. आणि १५५४ साली पाखंड्यांना देहान्त देणं कसं योग्य, यावर पुस्तकही छापलं.

१९०३ साली कॅल्विनच्याच अनुयायांनी शांपेलला प्रायश्चित्ताची शिळा उभारली. तिच्यावर ही चूक ‘त्याच्या शतकाची’ होती असं कोरलंय. इथे मी तुमच्या बाजूचा. कारण जिनिव्हाच्याच शाळेचा एकेकाळचा मुख्याध्यापक सेबास्टियन कॅस्टेलिओ त्याच शतकात, बाझलला बसून, कॅल्विनला उत्तर लिहीत होता: माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच. ते उत्तर त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही, १६१२ साली छापलं गेलं. पुढच्या भागात कॅस्टेलिओवर सविस्तर लिहितोय. तोही वाचा, आणि पटलं नाही तर असंच लिहा.