लस कशी टाळावी, आणि वशिल्याने कशी मिळवावी

स्वाभिमानी सोलापूरकराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लस मिळत नसते तेव्हा ती आपला हक्क असते, आणि मिळायला लागली की आपल्यावरचा अत्याचार. एवढं जमलं की बाकीचं आपोआप जमतं.

सुरुवात टंचाईपासून करू. त्यात आपला हात कोण धरणार, वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाचं पाणी भरत आलेलं गाव आहे आपलं. २०२१ चा मे महिना आठवा. १ तारखेला अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना कोरोनाची लस खुली झाली आणि पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवलंसुद्धा, कारण पंचेचाळीशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसलाच साठा पुरेना. पुन्हा असा प्रसंग आला तर लसीच्या नोंदणीचं को-विन उघडून बसा. शहरात स्लॉट नसेल तर मोहोळ बघा, अक्कलकोट बघा, पार करमाळ्यापर्यंत बघा. मिळाला की गाडी काढा. आरोग्य केंद्राबाहेर त्याच गावातली पोरं ओटीपी आला नाही म्हणून ताटकळत उभी असतील. ‘कुठनं आलाय ओ?’ असं विचारतील. बेधडक ‘सोलापूर’ म्हणा आणि आत जा. लस साऱ्या देशाची आहे.

नोव्हेंबर उजाडला की भूमिका बदला. त्या साली ३ नोव्हेंबरला ‘हर घर दस्तक’ सुरू झालं आणि मे महिन्यात ज्या लसीसाठी आपण आमदाराच्या पीएला फोन लावत होतो, ती चालत दारात आली. आशाताई रजिस्टर उघडून उभ्या, मागे सिस्टरच्या खांद्याला बर्फ घातलेला निळा डबा. खुर्ची देऊ नका, पाणी तर नकोच. दाराच्या चौकटीला हात टेकून शांतपणे विचारा, ‘यात नेमकं काय काय असतं हो?’ दुपारपर्यंत असली पन्नास दारं केलेल्या ताई काहीतरी सांगतीलच. मान हलवा आणि म्हणा, ‘माझ्या शरीरात काय जाणार, हे मीच ठरवणार.’

मग चप्पल घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जा. ‘अंग कसकसतंय’ एवढंच सांगा. मेडिकलवाला तीन रंगांच्या गोळ्या देईल. स्ट्रिप अशी सफाईने कापेल की औषधाचं नाव त्याच्याकडे राहील आणि एक्स्पायरी आधीच्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलेली असेल. ‘जेवल्यावर घ्या’ म्हणेल. जेवल्यावर घ्या. इथे काही विचारलंत तर तो पुढच्या वेळी उधार देणार नाही.

कुणी कायद्याची भाषा केलीच तर २ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडपाठ हवा. त्याचा पहिला भाग: कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१ व्या कलमात बसतो. हा लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावा. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, असंही त्यात आहे, पण ते सरकारने वाचायचं. सरकार तेवढंच वाचतं. निर्बंध प्रमाणात असावेत आणि लसीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर यावी, असंही न्यायालय म्हणालं होतं. हा तुकडा आपल्या भिंतीवर नाही आणि त्यांच्या फायलीतही नाही. तेवढ्यापुरती आपली नि सरकारची युती आहे.

उद्या तुम्हीच कलेक्टर झालात तर? आधी पेट्रोल पंप गाठा. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात २०२१ च्या नोव्हेंबरात एक डोसही न घेतलेल्यांना पेट्रोल, गॅस आणि रेशन देऊ नका, असा आदेश निघाला होता. पंपावरचं दहावी नापास पोरगं एका रात्रीत वैद्यकीय अधिकारी झालं. पटवून सांगण्यात वेळ जातो, त्यापेक्षा नोझल आवळलेलं बरं.

नियम करताना शास्त्राचाही मान राखावा. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत बारा ते सोळा आठवडे अंतर हवं, असं मे २०२१ मध्ये ठरलं. जूनमध्ये परदेशी शिकायला नि नोकरीला जाणाऱ्यांसाठी ते अठ्ठावीस दिवसांवर आलं. म्हणजे दंड तोच, पण खिशात पासपोर्ट असला की प्रतिकारशक्ती लवकर पिकते. तिसऱ्या डोसाचं त्याहून बहारदार. १० एप्रिल २०२२ पासून साठीच्या आतल्यांनी तो खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्यायचा होता. १५ जुलैपासून तोच डोस फुकट झाला, पण स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव म्हणून पंचाहत्तर दिवसच. विषाणूनेही दिनदर्शिकेवर खूण करून ठेवली असेल.

घरात आजी असेल तर मात्र जपून. तिच्या दंडावर देवीच्या लसीचे वाटोळे वण असतात. ‘देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा’ ही भिंतीवरची अक्षरं तिने वाचलेली असतात. कॉलऱ्याची सुई टोचल्याशिवाय आषाढीला पंढरपुरात सोडत नसत, हेही ती सांगेल. ‘तुम्हाला विचारलं होतं का?’ असं आपण तावातावाने म्हणावं, तर ती म्हणते, ‘देवी विचारून येत होती व्हय?’ लगेच शेंगाचटणीचा विषय काढा.

लेकीच्या बाबतीत तर निवडच निवड. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची देशी लस अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात तयार होते. तिला परवानगी मिळाली जुलै २०२२ मध्ये. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना ती देण्यास ‘प्रोत्साहन देऊ’, असं अर्थमंत्री म्हणाल्या १ फेब्रुवारी २०२४ ला. मधल्या काळात होटगी रोडच्या बंगल्यातल्या बाईंनी डॉक्टरांना विचारून, विचार करून, कार्ड स्वाइप करून निर्णय घेतला. अशोक चौकाकडच्या विडी वळणाऱ्या बाईला निर्णयाचा त्रास झालाच नाही. अशी लस असते हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. या प्रकारालाही वैद्यकीय स्वातंत्र्य म्हणायची पद्धत आहे.

आता एवढं सगळं पाळूनही रात्री सात रस्त्यावर गाडीमागे कुत्रं लागलं आणि त्याने पोटरी धरली, तर काय करावं? आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा (हे उपरोधाने म्हणत नाही, खरंच धुवा). मग रेबीजच्या लसीसाठी थेट सिव्हिल. आता पोटात चौदा सुया नसतात, दंडाच्या कातडीतच टोचतात. पहिला दिवस शून्य धरून पुढे तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा तारखा लिहून देतात. ‘यात नेमकं काय असतं?’ तिथे विचारू नका, मागचा माणूस ‘काय बे, सरक की’ म्हणेल. साठा आहे का, एवढंच विचारा. नसला तर नगरसेवकाला फोन लावा आणि बोलताना ‘माझा हक्क’ म्हणू नका, ‘आपलाच माणूस आहे’ म्हणा.