ड्रेस्डेनचं ‘खोकं’ आणि त्यावरचा तारा

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या नव्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, फोटो सध्या फिरतोय. खिडक्या जवळजवळ नसलेला, मातकट रंगाचा ठोकळा. खाली मजकूर: ‘खऱ्या सिनेगॉगला घुमट आणि (ज्यूंचा सहा टोकांचा) तारा असतो. वारसा पुसून हे खोकं बांधलं. जुनं होतं तसंच उभारायला काय झालं होतं?’

आधी घुमटाचं बघू. सिनेगॉगला ठरलेला आकारच नाही. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचं कपाट जेरुसलेमच्या दिशेला, वाचनासाठी ओटा आणि प्रार्थनेला दहा जणांचा गट (मिन्यान), एवढं जमलं की झालं. बाकी जसा देश तसा वेश. आपलं पुण्याचं लाल देऊळ घ्या. १८६७ चं, लाल विटांचं, वर घड्याळाचा मनोरा. लष्कर भागात नवा आलेला माणूस त्याला हमखास चर्च समजतो.

‘जुनं तेच खरं’ म्हणावं, तर ते जुनं १८४० मध्ये पुरं झालेलं. वास्तुकार गोटफ्रीड झेम्पर, तोही ख्रिस्ती. बाहेरून रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीचं, आत मूरिश, म्हणजे स्पेन-मोरोक्कोकडची इस्लामी वळणाची नक्षी. तेव्हाची ती नवी चालच होती की!

‘होतं तसंच उभारा’ हे म्हणणं मात्र अगदीच बिनबुडाचं नाही. याच शहरातलं फ्राउएनकिर्श हे चर्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं आणि पुढे जसंच्या तसं उभं राहिलं. पण सिनेगॉग शत्रूच्या विमानांनी पाडलं नव्हतं. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ते नाझींनी जाळलं, घरच्यांनीच. तिथे हुबेहूब नक्कल उभी केली असती, तर मधे काही घडलंच नाही असं वाटलं असतं; मला तरी ते खोटं वाटलं असतं. नवं सिनेगॉग २००१ च्या ९ नोव्हेंबरलाच खुलं झालं. अंगणात जुन्या इमारतीची रेघ काचेच्या तुकड्यांनी आखलेली आहे.

आणि ‘खोकं’? जागा चिंचोळी, तिचं तोंड पूर्वेला, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेला, नाही. म्हणून भिंतीच्या ३४ थरांपैकी प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित फिरवत नेलाय. माथ्याशी पोचेपर्यंत भिंत पूर्वेकडे वळते. आत धातूच्या जाळीचा पडदा वरून सोडलाय, तंबूसारखा. वाळवंटात सोबत वाहून न्यायच्या मिश्कानची, म्हणजे ज्यूंच्या तंबूतल्या देवळाची, ती आठवण.

राहिला तारा. जळालेल्या सिनेगॉगवरचा तारा आल्फ्रेड नॉयगेबाउअर या अग्निशमन जवानानं लपवून ठेवला आणि युद्धानंतर ज्यू समाजाला परत दिला. आज तो याच ‘खोक्या’च्या दारावर आहे. फोटो दुसऱ्या बाजूनं काढलाय.