वरण सोडल्यानं किडनीचा कॅन्सर थांबत नाही

अकोला-बुलडाण्याकडच्या गावांतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किडनीचा कॅन्सर प्रोटीनमुळे होतो. अमेरिकेत प्रोटीन अडवणारी गोळी निघाली आहे. तूरडाळ, अंडी, दूध बंद केलं की तोच गुण फुकटात येतो, पुनर्नवाचा काढाही तेच करतो. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्याच्या भागात, ज्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलंय त्यांनी तर गोळी मागवावीच, कारण तिला साइड इफेक्ट नाही.

गोळी आहे, एवढं खरं. बेल्झुटिफान तिचं नाव.

आधी वरणाचं बघू. खाल्लेलं प्रोटीन पोटात तुटतं आणि अमिनो आम्लं होऊन रक्तात जातं. गोळीचं लक्ष्य असलेलं प्रोटीन, हिफ-२ अल्फा, पेशी स्वतःच्या जनुकावरून घडवते. तुम्ही वरण खाल्लं काय, न खाल्लं काय. ऑक्सिजन पुरेसा असला की व्हीएचएल नावाच्या जनुकाचं प्रोटीन या हिफची विल्हेवाट लावत राहतं. किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल, आणि त्यात बहुतेकदा हे व्हीएचएलच निकामी झालेलं असतं. मग हिफ साचतं, एआरएनटी या दुसऱ्या प्रोटीनशी जोडी करतं, डीएनएवर बसतं आणि नव्या रक्तवाहिन्या, नवी वाढ यांची जनुकं चालू करतं. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो, याच शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं. कॅन्सरच्या माणसाचं वजन बऱ्याचदा आधीच उतरत असतं. त्याचं वरण तोडलं तर तोच खंगेल, गाठ नाही.

काढ्याचा मुद्दा मला जास्त खटकतो, कारण खरी मेहनत कुठे लागली तेच तो पुसून टाकतो. गोळी हिफ आणि एआरएनटीची जोडीच जमू देत नाही. पण दोन प्रोटीनं जिथं भिडतात तो भाग सहसा रुंद आणि सपाट असतो. लहानशा रेणूला धरायला तिथं जागाच नसते, म्हणून अशा जोड्या औषधाने तुटत नाहीत असंच बरीच वर्षं मानलं जायचं. डॅलसमध्ये, टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात, ब्रुइक आणि गार्डनर या संशोधकांच्या गटांना हिफ-२ अल्फाच्या पोटातच एक बंद पोकळी सापडली. तिच्यात रेणू शिरला की प्रोटीनचा आकार किंचित बदलतो आणि जोडी जमत नाही. बैलाचा खांदा सुजला की जू नीट बसत नाही, तसं. (पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकतात ते उगाच नव्हे.) पुढे पेलोटन या कंपनीनं पीटी२३८५ हा रेणू बनवला, पण काही रुग्णांचं शरीर तो इतक्या झपाट्यानं निकामी करायचं की रक्तात औषध पुरेसं राहायचं नाही. मग एकाच कार्बनवरचे दोन फ्लोरिन शेजारशेजारच्या दोन कार्बनवर मांडले, आणि तो रेणू म्हणजे बेल्झुटिफान. एका अणूची जागा बदलली तर एवढा फरक पडतो. काढ्यातलं कोणतं द्रव्य, किती, त्या पोकळीत कसं पोचतं, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

सगळ्यात धोकादायक सल्ला क्रिएटिनिनवाल्यांना दिलेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात किडनी निकामी होत चाललेली माणसं गावोगाव आहेत, पण तो आजार वेगळा आणि किडनीतली गाठ वेगळी. अशा रुग्णाला डॉक्टर कधी प्रोटीन मोजून खायला सांगतात. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. आता गंमत बघा. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः हिफ-२च्या हुकमावर बनतं. थकलेली किडनी ते आधीच कमी बनवते, म्हणून या रुग्णांचं हिमोग्लोबिन खाली असतं. बेल्झुटिफाननं ते आणखी उतरणार. उलट त्यांच्यासाठी भारतात २०२२मध्ये डेसिडुस्टॅट हे औषध आलं, अहमदाबादच्या झायडसचं, आणि ते हिफ टिकवून धरतं. म्हणजे एका आजारात जे अडवायचं, दुसऱ्यात तेच वाढवायचं!

साइड इफेक्ट नाही म्हणे. रक्त कमी होणं आणि शरीरातला ऑक्सिजन घटणं हे तिचे नोंदलेले दुष्परिणाम, आणि गर्भाला तर ती घातकच. अमेरिकेत २०२१मध्ये तिला मान्यता मिळाली ती वंशानं व्हीएचएल बिघडलेल्यांच्या गाठींसाठी. पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी डिसेंबर २०२३मध्ये मिळाली, तीही आधीची औषधं देऊन झाल्यावर. त्यामागच्या चाचणीत शंभरातल्या साधारण २२ जणांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. तुलनेच्या जुन्या औषधानं चारही नाहीत. फरक मोठा आहे, पण बाकीच्या अठ्ठ्याहत्तर जणांचं काय, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

लघवीतून रक्त गेलं, दुखो न दुखो, तर सोनोग्राफी करून घ्या. क्रिएटिनिनच्या आकड्यावरून गाठ कळत नाही. एक किडनी चांगली असली तर तो आकडा नॉर्मलही येतो.