नाण्यासाठी त्याग करताना घ्यावयाची काळजी

हवं ते नाणं मिळवायचं तर त्याग करावा लागतो, हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल. कळलं नसेल तर तुमच्याकडे संग्रह नाही, नुसते सुटे पैसे आहेत. पण त्याग करायची तयारी असणं वेगळं आणि तो नीट जमणं वेगळं. नवखे संग्राहक भावनेच्या भरात स्वतःचंच काहीतरी सोडून बसतात, कंटाळतात आणि वर्षभरात छंदाला रामराम ठोकतात. अशा होतकरू मंडळींसाठी हे चार अनुभवाचे बोल.

सुरुवात स्वतःपासून करावी, पण तिथे फार रेंगाळू नये. जुने बूट आणखी एक पावसाळा वापरावेत आणि ते दारातच असे काढून ठेवावेत की आल्यागेल्याला टाच उसवलेली दिसली पाहिजे. कोणी विचारलंच तर ‘चालतंय अजून’ एवढंच म्हणावं. बुटांमधून वाचलेल्या पैशांत नाण्याची कडसुद्धा येत नाही, हे खरं आहे. पण बुटांचं काम पैसे वाचवण्याचं नसतंच. पुढे मोठी मागणी करायची आहे, तिची जमीन त्यांनी नांगरून ठेवायची असते. ज्याचे बूट फाटके, त्याला उधळ्या कोण म्हणणार?

एवढी तयारी झाली की त्याग घरात सर्वांना समान वाटून द्यावा. नाणं वाटू नये. यंदा सुट्टीत कुठे जायचं नाही, भिंतींना रंग पुढच्या वर्षी, मुलांच्या सायकली अजून दणकट आहेत, असे निर्णय ‘आपण’ घ्यायचे असतात. फ्रिजचं दार नीट लागत नसेल तर त्याला खुर्ची टेकवून ठेवावी. खुर्ची टेकवलेला फ्रिज आणखी दोन वर्षं निघतो, हे फ्रिज बनवणाऱ्यांनाही माहीत नसतं.

कुरकुर होईल. त्यासाठी गुंतवणुकीवरचं भाषण तोंडपाठ असावं. त्यात अमेरिकेच्या १९३३ च्या ‘डबल ईगल’चा दाखला चुकवू नये. २० डॉलर दर्शनी किमतीचं हे सोन्याचं नाणं २००२ मध्ये ७५ लाख डॉलरच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये १ कोटी ८९ लाखांना विकलं गेलं. इथे आवाज जरा खाली आणून थांबावं. आकडा ऐकणाऱ्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो.

या नाण्याची पुढची कथा मात्र घरी सांगत बसू नये. ४,४५,५०० नाणी पाडली आणि चलनात न आणता वितळवून टाकली. काही टांकसाळीतून निसटली. फिलाडेल्फियातल्या एका सराफाच्या वारसांना अशी १० नाणी बँकेच्या लॉकरमध्ये सापडली. त्यांनी ती खरी की खोटी हे तपासायला टांकसाळीकडे पाठवली. टांकसाळीने तपासून सांगितलं की अगदी खरी आहेत, आणि म्हणूनच परत मिळणार नाहीत. कज्जा वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी सरकारच जिंकलं. सचोटीपायी एवढा मोठा त्याग या क्षेत्रात दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही, तोही नकळत. २००२ मधल्या खरेदीदाराकडून सरकारने ७५ लाखांवर आणखी २० डॉलर वेगळे घेतले, कारण नाणं कधी चलनात आलंच नव्हतं, तेव्हा दर्शनी किमतीचं नुकसान सरकारने का सोसावं? हिशेब म्हणजे हिशेब. आपल्या घरात असा माणूस जन्माला आला नाही, याबद्दल आभार मानावेत.

भाषणानंतर ‘मग विकणार कधी?’ हा प्रश्न येतोच. बाजार पडलेला असेल तर ‘आत्ता कोण विकतं?’ म्हणावं. चढलेला असेल तर ‘अजून चढेल’. बाजार जागच्या जागी असेल तेव्हा चर्चेचा विषय बदलावा.

पार्सल कामाच्या ठिकाणी मागवावं, हे सांगायला नकोच. तरीही एखादं घरी येतं, उघडलं जातं आणि ‘हे नवीन का?’ असं विचारलं जातं. घाबरू नये. ‘छे, १७८० चं आहे’ असं शांतपणे सांगावं. खोटं बोलावं लागत नाही, हा या छंदाचा फार मोठा गुण. (नाणं ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया तेरेसाचा ‘थॅलर’, म्हणजे तिच्या नावाचं चांदीचं नाणं, असेल तर थोडं खोटं बोलल्यासारखं होईल. ती सम्राज्ञी १७८० मध्ये वारली आणि व्यापारात खपतं म्हणून तिचं नाणं त्यापुढेही तेच साल घालून पाडत राहिले, अगदी विसाव्या शतकातसुद्धा. पण तो दोष टांकसाळीचा, तुमचा नाही.)

झोपेचा त्याग सगळ्यात सोपा. तुम्हाला हवं असलेलं नाणं नेहमी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला लिलावात निघतं, हा निसर्गनियम आहे. रात्री घर झोपलं की स्क्रीनचा उजेड कमी करून बसावं. आपण किती पर्यंत जाणार ती मर्यादा आधी ठरवावी आणि कागदावर ठळक लिहून समोर ठेवावी. शिस्त फार महत्त्वाची. बोली मर्यादेच्या पुढे गेली की कागद उलटा करावा. मागची बाजू कोरी असते.

समोर कोण आहे ते दिसत नाही, पण तो तुमच्याच तोडीचा मूर्ख आहे एवढं नक्की. दर बोलीला तो थोडा थांबतो, आणि त्या थांबण्यात तुम्हाला त्याच्याही घरातला फ्रिज दिसायला लागतो. दया दाखवू नये. हातोडा पडला की जो आकडा दिसतो तोच सकाळी घरी सांगावा, जर सांगायचाच झाला तर. त्यावर लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन, बहुतेक ठिकाणी २० टक्क्यांच्या आसपास, शिवाय टपाल, विमा, सीमाशुल्क. हे आकडे स्वतःजवळ ठेवावेत. दुसऱ्याच्या मनावर किती ओझं टाकायचं यालाही काही माणुसकी आहे.

नाणं हाती येतं. म्हणजे येत नाही. ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येतं, तिला ‘स्लॅब’ म्हणतात, आणि डबीवरच्या लेबलावर एक आकडा असतो. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. १ म्हणजे नाणं कुठलं हे जेमतेम ओळखू येतं, ७० म्हणजे निर्दोष. कल्पना अशी होती की ७० चं नाणं १ च्या सत्तरपट किमतीचं. तो भाव फार काळ टिकला नाही, मोजपट्टी मात्र सगळ्या प्रकारच्या नाण्यांना लागू होऊन बसली. ६० पासून पुढची सगळी नाणी न वापरलेली. त्यामुळे आज लोक ६५ विकून, वर सायकलींचे पैसे घालून, ६६ घेतात. दोन्ही शेजारी ठेवली तर घरच्यांना फरक दिसत नाही. भिंग लावून तुम्हालाही दिसत नाही, पण तुम्हाला लेबल वाचता येतं.

हे शेल्डन त्यागाच्या बाबतीत आपल्या सगळ्यांचे गुरू. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहाचा अभ्यास करता करता त्यांनी तिथले चांगले सेंट उचलले आणि त्या जागी आपल्याकडचे, त्याच जातीचे पण कमी दर्जाचे, ठेवून दिले. खण रिकामा दिसू नये याची काळजी घेतली. प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं आणि नाणी कोर्टकचेऱ्या करून परत मिळवावी लागली. सद्सद्विवेकाचा त्याग इतक्या नीटनेटकेपणाने करणारा माणूस विरळा. तुम्ही मात्र या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे बदली ठेवायलासुद्धा तेवढी बरी नाणी नाहीत.

स्लॅबमधलं नाणं हाताळता येत नाही, कानाशी वाजवता येत नाही. बोटाचा ठसा चांदीवर बसला तर कायमचा. म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढं सगळं केलं तिला हात लावण्याचं सुखही सोडायचं. याची भरपाई एकाच गोष्टीने होते, आणि ती गोष्ट मी खरोखर मनापासून सांगतो. एकच दिवा डोक्याच्या वर घ्या आणि न वापरलेलं चांदीचं नाणं त्याखाली किंचित कलतं करून हळूहळू फिरवा. पृष्ठभागावरून प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरत जातात. टांकसाळीत नाणं पाडणाऱ्या ठशाखाली दाबला जाताना धातू केंद्राकडून कडेकडे वाहिला, त्या वाहण्याच्या बारीक रेषा अजून तशाच आहेत. खिशात काही दिवस घातले की त्या गेल्या, आणि पॉलिशने घासून परत येत नाहीत. हे बघताना पाच मिनिटं तरी तुम्हाला फ्रिज, बूट, सायकली यातलं काही आठवत नाही. मग तुम्ही आनंदाने घरच्यांना हाक मारता. ते येतात, बघतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि परत जातात. घरातली माणसं झिजली तर चालतात, नाण्याची झीज चालत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं.

त्यातल्या त्यात कोणी प्रेमाने मदत करू लागलं तर सावध राहावं. तुम्ही बाहेर असताना टूथपेस्टने घासून सगळी नाणी लख्ख करून ठेवणारा नातेवाईक प्रत्येक घरात असतो. त्याच्यावर ओरडता येत नाही, कारण त्याने त्याग केला आहे, अख्ख्या दुपारचा. आणि नाण्यावर हजारो खर्चून पाकीट मऊ पीव्हीसीचं घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं! काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. काटकसर करायलासुद्धा जागा पाहावी लागते.

कोणी म्हणेल, एवढा त्याग करून मिळतं काय? त्यांना इटलीच्या तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलचं उदाहरण द्यावं. या राजाने इटलीच्या नाण्यांची २० खंडांची सूची छापवली आणि एक लाखावर नाणी जमवली. १९४६ मध्ये गादी सोडून देशाबाहेर जाताना संग्रह मात्र देशाला देऊन गेला. इजिप्तचा राजा फारूक त्याच पंथातला. त्याची गादी १९५२ मध्ये गेली आणि १९५४ मध्ये त्याच्याच राजवाड्यात त्याच्या नाण्यांचा लिलाव झाला. नाण्यांच्या नादाने दोघांची राज्यं गेली असं कोणी इतिहासकार म्हणत नाही. तरी घरी हा विषय काढताना ‘राजांचा छंद’ इथवरच थांबावं.

आता सगळ्यात मोठा धोका. संग्रह पूर्ण करू नये. अमेरिकेच्या लुई एलियासबर्गने १९५० मध्ये तेव्हा माहीत असलेलं अमेरिकेचं प्रत्येक साल, प्रत्येक टांकसाळ असा संच पुरा केला. शेवटचं राहिलेलं होतं एक दहा सेंटचं नाणं, १८७३ चं, कार्सन सिटी टांकसाळीचं. ते एकच ज्ञात आहे. ते मिळालं, अल्बममधला शेवटचा खण भरला, आणि पुढे? पुढे त्याला परदेशी सोन्याच्या नाण्यांकडे वळावं लागलं. तुमच्याकडे तेवढा पैसा नाही, म्हणून तुम्ही उलटं करायचं. संच भरत आला की विषय बारीक करायचा: आधी सालं, मग टांकसाळी, मग त्या सालातल्या ठशांचे फरक, मग ठशाला गेलेला तडा कुठवर पोचला त्याच्या पायऱ्या. रिकामा खण हीच तुमच्या पुढच्या मागणीची कायदेशीर बाजू आहे. खण संपले की घरात रंगाऱ्याला बोलावतील.

शेवटी वारसांचा प्रश्न राहतो. अमेरिकेची १९१३ ची ‘लिबर्टी निकेल’, म्हणजे पाच सेंटची नाणी, जगात पाचच आहेत. त्यातलं एक ज्या संग्राहकाकडे होतं तो १९६२ मध्ये मोटार अपघातात गेला. तज्ज्ञांनी नाणं बनावट ठरवून कुटुंबाला परत केलं, कुटुंबाने ते कपाटात ठेवून दिलं. २००३ मध्ये बाकीच्या चार नाण्यांशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा ते खरं निघालं आणि १० वर्षांनी ३१ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. म्हणजे त्या घराने चाळीस वर्षं लक्षाधीश असण्याचाच त्याग केला, आणि कोणी त्याची तक्रारही केली नाही. इतकं सोशिक कुटुंब सर्वांच्या नशिबी नसतं.

तुम्ही वारसांना काहीच सांगितलं नाही तर ते नाणी मशीनमध्ये टाकून बसचं तिकीट काढतील. सगळं सांगितलं तर घराला रंग का नव्हता ते त्यांना कळेल. म्हणून एक यादी करावी, पाकिटात घालून सील करावी, वर ‘माझ्या पश्चात’ असं लिहावं. यादीत नाण्याचं नाव, साल, टांकसाळ आणि कोणा विश्वासू व्यापाऱ्याला दाखवायचं ते लिहावं. खरेदीच्या पावत्या मात्र त्यात घालू नयेत. तो व्यापारी काय देऊ करतो ते ऐकून, पावती हातात घेऊन, वारसांना तुमचं गुंतवणुकीवरचं भाषण शब्दन् शब्द आठवेल.